धुळवडीला चतुराबाईनं केलेला फोन

दौलताबादच्या किल्ल्यासमोर गाड्या लागतात, तिथं पेरूची पाटी घेऊन बसणारी चतुराबाई सगळ्यांना माहीत होती, ती तिच्या पेरूंपेक्षा तिच्या हातामुळं. उंच, हाडापेरानं दणकट बाई. पाटीवर झडप घालणाऱ्या वानराला ती फडक्याचा असा फटका मारायची की वानर झाडावर जाऊनही गाल चोळत बसायचं. एकदा सहलीला आलेल्या एका माणसानं पेरू निवडता निवडता शेजारच्या पोरीच्या दंडाला हात लावला होता, तर चतुराबाईनं तराजूचं पारडं त्याच्या कपाळावर हाणलं होतं. रक्त पुसत तो गाडीत बसला आणि पारडं धुऊन चतुराबाईनं पुढच्या गिऱ्हाइकाला तोलून दिलं.

"लई तापट हाय बया," लोक म्हणायचे. पण भाव तिच्याकडंच विचारायचे.

तिचा नवरा कडूबा मात्र मऊ स्वभावाचा. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. इंद्रजीत, त्यांचा एकुलता एक मुलगा, दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. धुळवडीच्या दुपारी कडूबा सायकलला गवताचा भारा बांधून घरी येत होता. गावातल्याच एका बड्या घरची जीप मागून आली. आत सात-आठ जण, सगळे प्यालेले, रंगानं माखलेले. जीपनं कडूबाला सायकलसकट रस्त्याकडेच्या निंबाला दाबलं. झाडाची साल निघाली तशी त्याच्या पायाची कातडी निघाली. पोरांनी खाली उतरून बघितलं, आणि त्यातला एक जण तिथंच ओकला.

चतुराबाई दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी बसलेली असताना गावात पारावर बैठक झाली. सणाचा दिवस होता, पोरं जरा प्याली होती, मुद्दाम थोडंच केलंय, असं ठरलं. पोलिसांत जायचं नाही, असंही ठरलं. कडूबाच्या भावानं घरच्यांच्या वतीनं मान डोलावली. चतुराबाईला कुणी विचारलं नाही. ती परत आली तेव्हा जीप पाराजवळ उभी होती, धुऊनपुसून.

"सणाचा दिवस होता" हे शब्द तेव्हापासून तिच्यासमोर कुणी उच्चारत नसे.

इंद्रजीत मोठा झाला, बाग बघू लागला. त्यानं पिकअप घेतली. पहाटे पेरू भरून शहरातल्या मंडईत न्यायचा, दुपारपर्यंत परत यायचा. कष्टाळू होता. बायको सोनिया शहरातली, पडेगावची. मुलगी रूपा अजून शाळेत जायची होती. इंद्रजीत रोज पिणारा नव्हता. पोळा, धुळवड, एकतीस डिसेंबर, कुणाच्या वरातीत, एवढंच. त्यामुळं त्याला कुणी दारुडा म्हणत नव्हतं आणि तोही स्वतःला म्हणत नव्हता. प्याला की मात्र त्याच्यात दुसराच कुणी माणूस शिरायचा. एका पोळ्याला त्यानं बैलाच्या शिंगाचा बेगड नीट लागला नाही म्हणून गड्याच्या तोंडावर पितळी लोटा फेकला होता. चतुराबाईनं तेव्हा त्याला भर अंगणात कानफटवलं होतं. तो हसला होता. दुसऱ्या दिवशी पाया पडला होता.

त्या धुळवडीला विहिरीमागं बोकड कापला. इंद्रजीतचे मित्र आले होते, पाच-सहा जण. त्यांत सत्यम होता, शेजारच्या करुणाचा मुलगा, इंद्रजीतपेक्षा बराच लहान, लाल मोटारसायकलवर फिरणारा. सकाळपासूनच बाटल्या फुटल्या होत्या. सोनिया चुलीपुढं भाकरी थापत होती आणि चतुराबाई रस्सा ढवळत होती. उन्हात मटणाचा, रंगाचा आणि दारूचा वास एकात एक मिसळला होता.

जेवणं झाली आणि कुणीतरी म्हणालं, "क्रांती चौकात डीजे लावलाय. चला की."

"चला!" इंद्रजीत उठला. उठताना त्याचा तोल गेला, पाठ विहिरीच्या कठड्याला आपटली, तसा सगळ्यांनी हुर्यो केला. चौघं पिकअपच्या हौद्यात चढले. सत्यम चढता चढता खाली पडला आणि तिथंच बसून हसत राहिला. इंद्रजीतनं अंगणात खेळणाऱ्या रूपाला उचललं, पुढं केबिनमध्ये बसवलं आणि म्हणाला, "माझ्या वाघिणीला डीजे दाखवतो."

सोनिया पिठाच्या हातांनी धावली. "तिला नका नेऊ. अहो, तिला ठेवा."

"ए, सरक बाजूला."

"तुम्ही लई घेतलीय."

त्यानं तिला कोपरानं ढकललं. ती चुलीजवळ पडली, तिचा हात विस्तवात गेला. ती ओरडली. केबिनमध्ये रूपानं रडायला सुरुवात केली. इंद्रजीत आत बसला, त्यानं चावी फिरवली.

चतुराबाईनं ओरडाआरडा केला नाही. बोकड कापला त्या ठोकळ्यावर सुरा पडला होता, रक्त वाळून काळा झालेला. तिनं तो उचलला. गाडीच्या पुढं गेली, खाली बसली आणि टायरच्या कडेला, जिथं रबर पातळ असतं तिथं, दोन्ही हातांनी तो खुपसला. हवा तिच्या तोंडावर फुसांडली. धूळ उडाली. गाडी एका अंगाला कलली. हौद्यातले हसत होते, त्यांना वाटलं काही गंमत चाललीय. चतुराबाईनं सुरा ओढून काढला. एका टायरला स्टेपनी असते, हे तिला माहीत होतं. ती उठली, वळसा घालून पलीकडं गेली आणि दुसराही फोडला.

इंद्रजीत खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे तिला ओळखतच नव्हते.

"काय केलंस? माझी गाडी? माझी गाडी फोडली?"

"पोरीला खाली घे," ती म्हणाली.

त्यानं तिच्या हातातला सुरा झटकून दिला आणि मुठीनं तोंडावर मारलं. पहिल्या ठोशातच तिचा पुढचा दात गेला. ती पडली ती दगडांवर. मग तो लाथा घालू लागला. बरगडीत, पाठीत, पुन्हा बरगडीत. दर लाथेला "माझी गाडी, माझी गाडी" म्हणत होता. चतुराबाईनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं. एक लाथ बसली तेव्हा तिला आत काहीतरी वाळक्या काटकीसारखं मोडल्याचं स्पष्ट ऐकू आलं. हौद्यातले चौघं आता हसत नव्हते. एकेक जण खाली उतरला आणि बागेतून वाट काढत निघून गेला. "घरचा मामला हाय," त्यांतला एक जण जाता जाता म्हणाला.

कडूबा कुबडीवर आला. "आरं, माय हाय ती तुझी! इंद्रजीत!" त्यानं कुबडी उगारली. इंद्रजीतनं ती धरून ओढली. कडूबा तोंडावर आपटला, त्याच्या नाकातून भळाभळा रक्त आलं. तेवढ्या वेळात एका हाताला फोड आलेल्या सोनियानं केबिनमधून पोरीला काढलं, घरात नेलं आणि आतून कडी घातली.

शेवटी सत्यमनंच इंद्रजीतला मागून मिठी मारली. "बास, दादा. बास कर. माझ्या गाडीवर चल."

सत्यमला उभंही राहवत नव्हतं. म्हणून मोटारसायकल इंद्रजीतनं घेतली, सत्यम मागं बसला. गाडी बांधावरून उडाली, कुंपणाला घासली आणि रस्त्याला लागली.

चतुराबाई दगडांवर उठून बसली. तोंडातलं रक्त थुंकली. त्यात दात होता, तो तिनं हातात घेतला आणि फेकून दिला.

"सोनिया! दार उघड. फोन आण."

सोनियानं दार उघडलं. "कुणाला लावू, आत्या?"

"पोलिसाला. एकशेबारा."

"आत्या, नका. तुरुंगात टाकतील."

"मग टाकू दे. लाव."

"गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाय आपल्याला."

"तुझ्या सासऱ्याला बघ," चतुराबाई म्हणाली. कडूबा जमिनीवर बसून रक्तानं भिजलेला पंचा नाकाला लावत होता, त्याची रिकामी पँट गुडघ्याखाली दुमडलेली होती. सोनियानं फोन लावला आणि सासूच्या कानाला धरला.

"माझं पोरगं दारू पिऊन गाडी घेऊन निघालंय," चतुराबाई म्हणाली. दात गेल्यामुळं शब्द फुटत होते. "दौलताबादकडनं शहराकडं. त्याला अडवा."

"मावशी, तुम्हाला काही लागलंय का? आवाज असा का येतोय?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"माझं सोडा. लाल मोटारसायकल हाय. दोघं जण हायेत. तोंडं रंगानं निळीकाळी."

"आज सगळ्यांचीच तोंडं निळीकाळी आहेत, मावशी. गाडीचा नंबर सांगता येईल?"

चतुराबाईला नंबर ठाऊक नव्हता. तेव्हा सोनियानं फोन स्वतःकडं घेतला. सत्यमची गाडी रोज अंगणात लागायची. तिनं डोळे मिटले आणि नंबर सांगितला, मग नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं. फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकली आणि फोड आलेला हात छातीशी धरून हुंदके देऊ लागली.

गावात त्या दुपारी शुद्धीवर असलेला रिक्षावाला एकच, माऊली. गळ्यात माळ घालणारा माणूस. त्यानं चतुराबाईला मागं आडवी घातली, कडूबाला शेजारी बसवलं आणि दवाखान्याकडं निघाला. सोनिया पोरीला घेऊन घरीच राहिली. रस्त्यात दर खड्ड्याला चतुराबाईच्या बरगडीतून कळ निघून डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मिटमिट्याच्या अलीकडं एका टपरीमागं लाल मोटारसायकल उभी दिसली. माऊलीनं ती बघितली.

"वहिनी, पोरं इथंच हायेत. आणखी घेत असतील. थांबू?"

"थांबू नको. आपल्याला बघितलं तर तुलाबी मारंल."

पडेगावच्या अलीकडं नाकाबंदी होती. पिवळे बॅरिकेड आडवे लावलेले, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. गाड्यांची रांग लागली होती. एक महिला पोलीस, नाव संध्या, प्रत्येक चालकाच्या तोंडापुढं हातातलं यंत्र धरत होती, फुंकायला सांगत होती. कडेला जप्त केलेल्या दुचाक्या ओळीनं उभ्या होत्या आणि त्यांचे मालक फोनवर कुणाकुणाला काकुळतीनं बोलत होते. रिक्षा रांगेत थांबली. माऊली खाली उतरून सांगायला निघाला की आत पेशंट आहे, तेवढ्यात मागून हॉर्न ऐकू आला. न थांबणारा, सलग.

चतुराबाईनं मान वळवली. लाल मोटारसायकल रांगेच्या उजव्या अंगानं, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर येत होती.

संध्यानं नंबर ओळखला. तिला तो वायरलेसवरून आधीच कळला होता. तिनं हात वर केला, ओरडली, "थांब! गाडी बाजूला घे!" दुसऱ्या पोलिसानं मधली वाट बॅरिकेड ओढून बंद केली. इंद्रजीतनं वेग कमी केला, सगळ्यांना वाटलं थांबतोय. मग त्यानं गाडी कडेनं, बॅरिकेडच्या टोकाशी उरलेल्या फटीतून घातली. संध्यानं हँडल पकडलं. गाडीनं तिला ओढलं. तिचे बूट डांबरावर घासत गेले, मग गुडघे, मग खांदा. तरी तिनं हँडल सोडलं नाही. गाडी बॅरिकेडच्या लोखंडी पायाला धडकली आणि उलटली. सत्यम मागून उडाला आणि तोंडावर पडला. तो डांबरावर घसरत गेला तेव्हा त्याच्यामागं एक ओली पट्टी उमटत गेली. मग तो थांबला, आणि हललाच नाही.

इंद्रजीत उठला. त्याच्या कपाळातून रक्त गळत होतं, ते रंगात मिसळत होतं. एक पोलीस पुढं आला, त्याला त्यानं डोक्यानं नाकावर धडक मारली. दुसऱ्यानं मागून धरलं, त्याच्या हाताचा त्यानं चावा घेतला. आणि मग त्याला रिक्षा दिसली. माऊलीची रिक्षा त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीची होती. तो रिक्षाकडं आला, वाकून आत बघितलं.

"तू सांगितलंस," तो म्हणाला. "माझ्या मायनं सांगितलं!"

"व्हय," चतुराबाई म्हणाली. "मीच सांगितलं."

त्यानं तिचे केस धरले आणि तिला बाहेर ओढायला लागला. कडूबानं एका हातानं तिचं लुगडं आणि दुसऱ्या हातानं रिक्षाचा दांडा धरला. चतुराबाईच्या बरगड्यांत असा जाळ उठला की तिला ओरडताही येईना. तेवढ्यात तिघा पोलिसांनी इंद्रजीतला मागून ओढून जमिनीवर दाबलं. एकाचा गुडघा त्याच्या पाठीवर होता. तो मातीत तोंड घालून बोंबलत होता, आईच्या नावानं शिव्या देत होता. शिव्या संपल्यावर मग नुसतंच "माय, माय" करू लागला. चतुराबाईनं ते ऐकलं. तिनं डोळे उघडले नाहीत.

दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर संध्याला आणून बसवलं. संध्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, गुडघ्यांची कातडी गेली होती.

"तुमचाच का तो?" संध्यानं विचारलं.

"माझाच. तुला माझ्यापायी लागलं, पोरी."

"तुमच्यापायी? तुम्ही नंबर दिला नसता तर मी त्याला समोरून ओळखलं नसतं. तो तसाच सुसाट पुढं चौकात गेला असता. तिथं पोरंसोरं रंग खेळत होती." संध्यानं खांदा सावरला, तोंड वाकडं केलं. "धरल्यावरही यंत्रात फुंकायला नाही म्हणाला तो. लोकांना वाटतं, फुंकलं नाही की सुटलो. मग इथं आणतो, डॉक्टर रक्त घेतात. शंभर मिलीलीटर रक्तात तीस मिलीग्रॅमच्या वर गेलं की केस होते. त्याला तर नीट चालताही येत नव्हतं."

"काय करतील त्याचं?"

"नुसती पिऊन चालवल्याची केस असती तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी जप्त, लायसन बंद. पण यानं पोलिसाला फरफटवलंय, मावशी. ते वेगळं."

चतुराबाई छताकडं बघत होती. "तुम्ही सणालाच का उभ्या राहता गं? एरवी पीत नाय का कुणी?"

"पितात की. एरवीही धरतो. पण सणाला चांगला, घरंदाज माणूससुद्धा पितो आणि म्हणतो, एक दिवस तर आहे, इथंच तर जायचंय. आम्ही चार दिवस आधी पेपरात देतो, मोबाइलवर टाकतो, की नाकाबंदी आहे. वाचून एखाद्यानं रिक्षा केली, नाहीतर मित्राच्या घरी झोपला, तरी आमचं काम झालं. दिवसभरात एकही सापडला नाही तर मी खुशाल घरी जाऊन पुरणपोळी खाईन."

रात्र पडायच्या आत एक फौजदार कागद घेऊन आला. घरात मारहाण झाली, त्याची वेगळी तक्रार द्यायची का, असं त्यानं विचारलं. कडूबा खाली बघत म्हणाला, "जाऊ द्या. घरचंच हाय." चतुराबाईनं नवऱ्याकडं बघितलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "तुमच्या पायाचंबी घरचंच होतं. गावातलंच होतं. तवा समद्यांनी मिटवलं. लिहा साहेब, मी सांगते." आणि तिनं पहिल्या ठोशापासून सगळं सांगितलं.

गावानं तिला सुखानं राहू दिलं नाही. धाकटा दीर, तोच ज्यानं पारावर मान डोलावली होती, अंगणात येऊन ओरडला, "पोटच्या पोराला धरून देणारी बाई आमच्या घराण्यात झाली नव्हती!" तिच्या पेरूच्या पाटीवर कुणीतरी चालत्या गाडीवरून दगड मारला, पेरू रस्त्यावर सांडले आणि मागच्या गाड्यांनी चिरडले. एका सकाळी बागेतली एक अख्खी रांग बुंध्यापासून तोडलेली सापडली. पांढऱ्या चिरांतून पाणी झिरपत होतं. बरगड्यांना पट्टा बांधलेला असताना चतुराबाईनं त्यातलं एक झाड ओढत ओढत पाराजवळ नेलं. वाटेत दोनदा बसली. पारावर पत्ते खेळणाऱ्यांच्या मधोमध तिनं ते टाकलं.

"झाडाला काय कापता? मी फोन केला. मला कापा."

कुणी पत्ता टाकला नाही. ती तिथं उभी राहून प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग परत गेली. झाडं पुन्हा तुटली नाहीत.

सगळ्यांत जड गेलं ते करुणाचं येणं. सत्यम वाचला होता, पण त्याचा जबडा तारांनी बांधलेला होता आणि डावा डोळा गेला होता. करुणा एका दुपारी आली तीच हातात चप्पल घेऊन. सोनिया मधे पडायला लागली, तिला चतुराबाईनं हातानं मागं सारलं. करुणानं चप्पल मारली. खांद्यावर, तोंडावर, डोक्यावर. चतुराबाई, जिच्या हाताला अख्खा गाव भ्यायचा, ती हात खाली सोडून उभी राहिली.

"फोन केला म्हणून मारत नाय मी तुला," करुणा धापा टाकत म्हणाली. "उशिरा केलास म्हणून मारते. सकाळपासून पीत होते ते. तुझ्या विहिरीवर पीत होते. तू रस्सा ढवळत होतीस. तवाच का नाय केलास?"

करुणाच्या हातातली चप्पल गळाली आणि ती उंबऱ्यात बसून ऊर बडवून रडायला लागली. चतुराबाई तिच्याशेजारी बसली. सोनियानं पाणी आणून ठेवलं, ते दोघींनीही घेतलं नाही.

इंद्रजीत जामिनावर सुटून आला तेव्हा पहिला पाऊस होऊन गेला होता. तो वाळला होता. तो सरळ मधल्या खोलीत गेला, पिकअपची चावी जिथं असायची तिथं हात घातला. खुंटी रिकामी होती.

"चावी कुठं हाय?"

"माझ्याकडं," चतुराबाई म्हणाली. "तुझं लायसन बंद हाय."

त्यानं हात उचलला. सवयीनं उचलला की रागानं, त्यालाही कळलं नसावं. दारात सोनिया उभी होती, कडेवर रूपा. तिच्या दुसऱ्या हातावर भाजल्याचा गुलाबी व्रण चकाकत होता. रूपानं बापाचा उचललेला हात बघितला आणि अंगातलं सगळं बळ लावून किंचाळली. ती थांबेचना. श्वास घेऊन पुन्हा पुन्हा किंचाळत राहिली. इंद्रजीतचा हात हवेतच राहिला. मग त्यानं तो हात स्वतःच्याच तोंडावर मारून घेतला, एकदा, दोनदा, ओठ फुटेपर्यंत. कडूबानं येऊन त्याला धरलं. त्या दिवसानंतर तो आईशी बोलेनासा झाला. बागेत काम करायचा, जेवायचा, पोरीला खेळवायचा, पण चतुराबाई खोलीत आली की उठून जायचा.

पेरू मंडईत कुणी न्यायचे हा प्रश्न होता. चतुराबाईनं तो सोडवला. शेतात ट्रॅक्टर ती कडूबाचा पाय गेल्यापासून चालवत होती. माऊलीनं तिला बांधावरच्या कच्च्या रस्त्यावर पिकअप शिकवली, दोनदा कुंपणात घातल्यावर. आरटीओत परीक्षेला ती नव्या पोरापोरींच्या रांगेत नऊवारी नेसून उभी राहिली. पहिल्या वेळी नापास झाली, साहेबाला तोंडावर दोन शब्द सुनावून आली. दुसऱ्या वेळी गप्प बसली आणि पास झाली. लायसनवरच्या फोटोत तिचा गेलेला दात दिसतो.

एकतीस डिसेंबरला बागेत पेरूचा भर होता. दुपारचा माल उचलायला माणूस हवा होता, म्हणून इंद्रजीत आपण होऊन हौद्यात क्रेट चढवायला आला आणि केबिनमध्ये तिच्या शेजारी येऊन बसला. सुटल्यापासून त्यानं घेतली नव्हती असं सोनिया म्हणायची. पण त्या दिवशी केबिनमध्ये वास होता. चतुराबाईला तो बसताक्षणी आला. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. तिनं गाडी सुरू केली.

पडेगावच्या अलीकडं ऊन असतानाच बॅरिकेड लागले होते. रांग पुढं सरकत सरकत तिची पाळी आली. खिडकीशी संध्या उभी होती. खांदा अजून जरा वाकडाच दिसत होता.

"मावशी! तुम्ही चालवता?"

"मंग कोण चालवणार?"

संध्याची नजर पलीकडच्या माणसावर गेली. तिनं त्याला ओळखलं. त्यानं मान खाली घातली. तिनं क्षणभर श्वास आत घेतला, नाकाला काय कळायचं ते कळलं असावं, पण ती त्याला काही बोलली नाही. यंत्राला नवी नळी लावून तिनं चतुराबाईपुढं धरलं.

"फुंका."

"मी? मला म्हातारीला?"

"सगळ्यांना. जोरात फुंका."

चतुराबाईनं नळी ओठांत धरली. गेलेल्या दाताच्या फटीतून हवा निसटली. दुसऱ्यांदा ओठ घट्ट मिटून फुंकलं. यंत्र वाजलं. संध्यानं तिला आकडा दाखवला. शून्य.

"जा, मावशी. सांभाळून."

बॅरिकेडमधून गाडी बाहेर पडली. मागून ट्रक हॉर्न वाजवत होता, समोर रस्ता चढाचा. इंजिन घरघरायला लागलं. चतुराबाई स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसली होती.

"दुसऱ्यावर घे, माय," इंद्रजीत म्हणाला. "बंद पडंल."

कित्येक महिन्यांत तो तिच्याशी बोलला नव्हता. त्याचा शब्द दारूनं जरा जड झाला होता.

"गप बस," चतुराबाई म्हणाली. "मला कळतंय." आणि तिनं क्लच दाबून गेअर खाली ओढला.